‘पतित’ हा शब्द कोणी उच्चारावा?

संतसज्जनहो, ‘पतितपावन’ हे पांडुरंगाचे बिरुद आपण रोज घेतो. काकड्यापासून शेजारतीपर्यंत ते किती वेळा तोंडी येते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. पावन करणारा तो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण पतित कोण, असे कोणी विचारले तर आपली नजर कुठे जाते? खरे सांगा, ती शेजाऱ्याकडे जाते. गावातला दारूबाज, भावाची जमीन लाटणारा, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवणारा, असे चार जण चटकन डोळ्यांपुढे येतात. त्या चौघांत आपण स्वतः मात्र नसतो.

शब्द एकच आहे. ‘मी पतित’ असे म्हटले की त्याची प्रार्थना होते, आणि ‘तू पतित’ म्हटले की त्याचीच शिवी होते. एवढ्याशा फरकापायी आमच्या कोकणात गेल्या दोनशे वर्षांत काय काय घडले, ते आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. त्यात ख्रिस्ती धर्माची हकीकत बरीच येईल. वारकऱ्यांच्या अंकात ती कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या हकीकतीच्या मधोमध आपले तुकोबाराय उभे आहेत, म्हणून ती आपण ऐकली पाहिजे.

पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८२३ साली, स्कॉटलंडातून आलेल्या मिशनऱ्यांनी सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटला आपले ठाणे मांडले. मग हर्णैलाही ते बसले. त्यांनी शाळा काढल्या आणि पुस्तके वाटली. पुढे मुंबईत मोठ्या नावाला चढलेले जॉन विल्सन १८२९ साली या देशी आले, तेव्हा तेही मराठी शिकायला आधी याच किनाऱ्यावर येऊन राहिले. म्हणजे पाप, पश्चात्ताप, तारण हे शब्द ख्रिस्ती अर्थाने ज्या ठिकाणी प्रथम बोलले गेले, त्यांत आमची ही बंदरेही येतात.

त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते. मनुष्यमात्र जन्मतःच पापी आहे. स्वतःच्या पुण्याईने तो सुटणार नाही. प्रभू येशूवर विश्वास ठेवील तोच तरेल. पण ऐकणाऱ्याच्या कानी यातले ‘मनुष्यमात्र’ पडले नाही, ‘तुम्ही’ एवढेच पडले. राज्य गोऱ्यांचे, सांगणारे गोरे आणि पापी ठरणारे मात्र आपण, असा तो हिशेब झाला. १८३१ साली मुंबईत मोरभट्ट दांडेकर आणि विल्सनसाहेब यांचा मोठा वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले, तर विल्सनसाहेबांनी त्याचे खंडन छापले. पादऱ्यांनी आमच्या पुराणांतल्या देवांची पापे वेचली आणि शास्त्र्यांनी त्यांच्या पोथीतल्या विसंगती वेचल्या. दोन्हीकडे विद्वान होते, दोन्हीकडे श्रद्धाही होती. पण वादाच्या आखाड्यात स्वतःचे पाप कोण दाखवणार? म्हणून पापावरची चर्चा पुष्कळ झाली, पण अनुतापाचा थेंब कोणाच्या डोळ्यांत दिसला नाही.

त्यानंतर १८४३ सालची गोष्ट. श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मणाचा अजाण मुलगा ख्रिस्ती झालेल्या आपल्या थोरल्या भावामागे मिशनच्या घरी जाऊन राहिला, तिथेच जेवला. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मूल घरी आले, पण घर त्याला आत घेईना, कारण तो ‘पतित’ झाला होता. तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून जे गृहस्थ उभे राहिले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात मोडते, पण तेव्हा ते रत्नागिरीतच होते. शास्त्रीमंडळींनी बाळशास्त्र्यांना कडाडून विरोध केला. आता वाचकांनी विचार करावा. त्या पोराने कोणाचे काय बिघडवले होते? चोरी नाही, खोटे नाही, कोणाचा घात नाही. दुसऱ्याच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेले, एवढेच. आणि तेवढ्यासाठी दारे लावून घेणाऱ्यांपैकी कोणालाही आपण काही पाप करतो आहोत असे वाटले नाही.

इथे थोडे थांबून ख्रिस्ती पोथीत पापाची कथा मुळात कशी आहे ते पाहू. ती ऐकण्यासारखी आहे. देवाने पहिला पुरुष आणि पहिली स्त्री निर्माण करून त्यांना एका बागेत ठेवले. बागेतले सगळे खा, पण बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ तेवढे खाऊ नका, असे बजावले. सर्पाने भुलवले, स्त्रीने फळ खाल्ले आणि पुरुषाला दिले. दोघांचे डोळे उघडले. बरे काय नि वाईट काय हे कळू लागले. मग देवाने विचारले, हे का केलेस? पुरुष म्हणाला, हिने दिले. स्त्री म्हणाली, सर्पाने भुलवले.

बघा, बऱ्यावाइटाचे ज्ञान झाल्यावर माणसाने पहिले काम कोणते केले? त्याने बोट दाखवले. ‘मी केले’ असे दोघांपैकी एकानेही धडपणे म्हटले नाही. ख्रिस्ती आचार्य या कथेतून मूळ पापाचा सिद्धांत काढतात. तो आपण मानावा असे मी म्हणत नाही. पण ज्ञान आले म्हणजे पाप संपत नाही, उलट सबब सांगायला माणूस शहाणा होतो, हे या कथेचे मर्म कोणत्याही गावात पटेल.

आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक श्लोक प्रसिद्ध आहे. धर्म काय ते मला कळते पण तिकडे माझी प्रवृत्ती होत नाही, अधर्म काय तेही कळते पण त्यातून माझी निवृत्ती होत नाही, असा त्याचा आशय. आपल्या साध्या बोलीत ‘कळते पण वळत नाही’. पण दुर्योधन तिथे थांबत नाही. हृदयात बसलेला कोणी देव मला जसे करवतो तसे मी करतो, असे पुढे सांगून तो मोकळा होतो. त्यानेही बोट दाखवलेच, आणि तेही थेट देवाकडे.

हाच प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारला आहे. इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच ढकलावे तसा माणूस पाप कशाने करतो, असे तो विचारतो. भगवंतांनी काम आणि क्रोध ही दोन नावे सांगितली, आणि ज्ञानोबारायांनी त्या दोघांचे असे वर्णन केले आहे की वाचताना आपल्याच अंगणात ते दबा धरून बसलेले दिसावेत. ख्रिस्ती लोकांचा थोर आचार्य पौल यानेही रोम शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हीच तळमळ मांडली आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको वाटते तेच होते, असा त्याचा भावार्थ आहे. दुर्योधन, अर्जुन आणि पौल, तिघांचे दुखणे एकच. फरक एवढाच की दुर्योधनाने त्याची सबब केली, अर्जुनाने त्याचा प्रश्न केला आणि पौलाने त्याचा आक्रोश केला. सबब सांगणाऱ्याला गुरू भेटत नाही. तो भेटतो तो प्रश्न आणि आक्रोश करणाऱ्यालाच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक जन्मले. हे टिळक लोकमान्य नव्हेत. लोकमान्यही रत्नागिरीचेच, पण हे कवी टिळक. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. ती लवकर गेली. मुलगा नाशिकला गेला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. व्युत्पन्न झाला, कविता करू लागला. पण चित्त स्थिर नव्हते. देव एक, माणसे सगळी त्याची लेकरे, मग ही उच्चनीचता कुठली, असा प्रश्न त्यांना छळत होता. १८९३च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचताना टिळक खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरादाराच्या लेखी टिळक त्या दिवशी मेले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलासह नातलगांकडे राहिल्या, आणि कित्येक वर्षे ते जोडपे दुरावलेले होते. समाजाने त्यांच्या कपाळी ‘पतित’ असा शिक्का मारला. गंमत पाहा, तुकोबांची गाथा ज्याच्या ओठी खेळते त्याने हा शब्द स्वतःविषयी आधीच शेकडो वेळा म्हटलेला असतो. टिळक पुढे सांगत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. पादऱ्यांचे वाद जिथे पोचले नाहीत तिथे देहूच्या वाण्याचे अभंग पोचले होते.

हा पूल कशाचा बनला होता? मला दिसते ते सांगतो. डोंगरावरच्या त्या प्रवचनात येशूने आपल्या शिष्यांना एक प्रार्थना शिकवली आहे. तिच्यात देवापाशी मागणे आहे की आम्ही आमच्या ऋणकोंना जसे ऋण सोडले, तसे तू आमचे ऋण सोड. पापाला तिथे ऋण म्हटले आहे. आता देहूला या. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झालेले, बायको अन्नावाचून गेलेली, आणि महाजनकी करणाऱ्या तुकोबांच्या हाती लोकांकडच्या येण्याचे कागद. धाकट्या भावाच्या वाट्याचे अर्धे त्याला दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले. देवापुढे हात पसरण्याआधी त्यांनी माणसांवरचा आपला हक्क सोडला. गालीलच्या डोंगरावर जे शिकवले गेले ते देहूला एका कुणब्याने, कोणी न शिकवता, करून दाखवले. मी पतित, असे तुकोबा म्हणतात तेव्हा ती नुसती कवीची नम्रता नव्हे. ज्याने दुसऱ्याकडची बाकी पुसली आहे त्यालाच स्वतःकडची बाकी खरी दिसते. आणि म्हणूनच ते देवाशी भांडूही शकतात, की मी पतित नसतो तर तुझे पतितपावन हे नाव कोणाच्या जिवावर चालले असते?

लक्ष्मीबाईंची हकीकत याहून उद्बोधक आहे. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध झाले, ते मिळाले तर अवश्य वाचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा, मीठसुद्धा. वाचकहो, मीठ धुतले तर काय उरते? पण पाप बाहेरून येते, दुसऱ्याच्या हाताला लागून येते, असे एकदा मनाने घेतले की धुण्याला अंत नाही. येशूने आपल्या काळच्या सोवळ्या मंडळींना हेच सांगितले होते की तोंडातून आत जाते त्याने माणूस विटाळत नाही, आतून बाहेर येते त्याने विटाळतो. आपल्या संतांनीही अंग धुणाऱ्याला मन धुतलेस का असे परोपरीने विचारले आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतःशी पुष्कळ झगडून एके दिवशी ठरवले की हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत, आणि कोणाच्याही हातचे खाईन. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी पलीकडे गेल्यावर काय केले, तेही बघण्याजोगे आहे. त्यांनी अभंग सोडला नाही. ‘दास’ ही नाममुद्रा घेऊन ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. ख्रिस्तचरित्राचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. ते अपुरे राहिले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. अखेरीस त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ज्याला एका समाजाने पतित ठरवले, त्याने दुसऱ्या समाजात जाऊन बाकीच्यांना पतित ठरवण्याचा धंदा केला नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता त्यांच्या आणि आपल्या विचारातला भेद झाकून ठेवणे बरे नव्हे. ख्रिस्ती मतात पहिल्या माणसाच्या पतनाने सारी मानवजात पडली, आणि ख्रिस्ताच्या बलिदानावाचून तिला दुसरा उपाय नाही. आपल्या मते जीव हा मूळचा ईश्वराचाच अंश. सोने चिखलात पडले तरी सोनेच. चढली आहे ती अविद्येची पुटे, आणि ती नामाने, संतसंगतीने, गुरुकृपेने उतरतात. कर्माचा भोग ज्याचा त्याला. पतनाचे मूळ कुठे, यावर दोघांचे जमणार नाही आणि ओढूनताणून जमवण्याची गरजही नाही. आपली वाट पंढरीची आहे आणि ती पुरेशी आहे. पण एका गोष्टीत दोघांची साक्ष एकच पडते. देवापुढे उभे राहिल्यावर सगळेच देणेकरी असतात. आणि जिथे सगळेच देणेकरी, तिथे एकाने दुसऱ्याला पतित म्हणायचे कोणत्या तोंडाने?

मला टोचणारा प्रश्न वेगळाच आहे. पूल तुकोबांचा होता. मग त्यावर उभ्या असलेल्या माणसाला याच तीरावर का राहता आले नाही? टिळकांनी कोणता धर्म घ्यावा हा त्यांचा अधिकार होता, आणि त्यांची श्रद्धा खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण ज्या समतेसाठी त्यांचा जीव तळमळत होता ती आपल्या गाथेत होती, आणि आपल्या उंबऱ्यावर नव्हती, हे नाकारता येईल काय? ‘पतितपावन’ असा गजर आत चालला होता, आणि ज्याला आपण पतित ठरवले तो पायरीखाली उभा होता. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिला नमस्कार करून आपण आत जात होतो आणि चोखोबांच्या भाऊबंदांना बाहेर ठेवत होतो.

याचे भान रत्नागिरीला आले ते पुढच्या पिढीत. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली शहरात सर्व जातींना खुले असे लक्ष्मीनारायणाचे देऊळ उभे राहिले. त्याचे नाव ठेवले पतितपावन मंदिर. रत्नागिरीला गेलात तर दर्शन घ्या, आणि पायरीवर क्षणभर त्या नावाचा विचार करा. तिथे पतित कोण? ज्याला इतकी शतके आत येऊ दिले नाही तो, की ज्याने येऊ दिले नाही तो?

या प्रश्नाचे उत्तर दापोली तालुक्यातल्या पालगडच्या एका सुपुत्राने पंढरपुरात दिले. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे एवढीच मागणी होती. वारकरी कीर्तनकार तनपुरे महाराजांनी त्यांना आपल्या मठात जागा दिली, हे आपल्या संप्रदायाचे भाग्य. १० मेला उपोषण सुटले आणि पांडुरंगाचे दार उघडले. गुरुजींनी कोणाला चोरून शिवले नव्हते, कोणाला पायरीवरून हाकलले नव्हते. त्यांचे स्वतःचे असे काय पाप होते? तरी अन्न त्यांनी स्वतःचे सोडले. समाजाचे पाप ‘त्यांचे’ न म्हणता ‘माझे’ म्हटले. वाद घालून जे शंभर वर्षांत झाले नाही ते असे झाले.

सज्जनहो, आज मंदिराचे दार उघडे आहे. पण बोट अजून खाली आलेले नाही. कीर्तनाच्या उभ्या जागेवर तर हा मोह मोठाच. वीणेकऱ्यामागे टाळकरी उभे, समोर हजार माणसे, अशा वेळी ‘तुम्ही’ हा शब्द जिभेवर फार सहज येतो. संतांनी मात्र दोष सांगताना बहुधा ‘मी’ म्हटले, आणि म्हणून त्यांचे बोल कोणाला टोचले नाहीत, तरी प्रत्येकाला लागले. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-थोर पाहत नाही, समोरच्याला माउली म्हणतो. ही रीत नुसत्या नम्रतेची नाही. ज्याच्या पायांवर कपाळ ठेवले त्याला उठून पतित म्हणता येत नाही, म्हणून पूर्वजांनी ती घालून दिली.

बरे काय, वाईट काय, हे आपल्याला पुष्कळ कळते. गळ्यात माळ आहे, गाथा पाठ आहे, एकादशी चुकत नाही. अडते ते वळण्यापाशी. आणि वळायला सुरुवात कुठून करावी हे तुकोबांनी इंद्रायणीच्या काठावर दाखवून ठेवले आहे. येत्या एकादशीला फराळाआधी मनातली वही उघडा. कोणाकडे आपले काही येणे राहिले असेल. पैशाचे असेल, मानाचे असेल, भावाने केलेल्या अपमानाचे असेल, सुनेच्या एखाद्या शब्दाचे असेल. त्यातला एक कागद तरी पाण्यात सोडा. मग विटेपुढे उभे राहून ‘पतित’ हा शब्द उच्चारा, आणि तो स्वतःविषयीच उच्चारा. तो ज्याच्यासाठी कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे उभा आहे, तो आपणच.

रामकृष्णहरी.